देवाच्या दारातील पुठ्ठ्याची बोधचिन्हे

श्रावणातील उपवास-व्रते आटोपत आली की अकोल्याला गणरायाच्या आगमनाचे वेध लागतात. रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली प्रवरा १९२६ साली बांधून पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणात विसावा घेऊन खाली उतरते. तिच्या काठी अगस्ती ऋषींचे ते पुरातन स्थान. प्रभू रामचंद्रांना वैष्णव धनुष्य देणाऱ्या त्या महामुनींचा आश्रम येथेच होता, अशी या पंचक्रोशीची पिढ्यान्पिढ्यांची श्रद्धा आहे. नदीला गढूळ पाणी असते, शिवार हिरवे झालेले असते, घाटघरकडून आलेले ढग गावावर रेंगाळतात, आणि गावातील गल्ल्यांतून, ओसऱ्यांतून व बंद पडलेल्या गोदामांतून तरुण मुलांची लगबग सुरू होते. कोणी कमानीचे बांबू सोलत असतो, कोणी खळ शिजवीत असतो, आणि कोणी गुडघे टेकून एका प्रचंड पुठ्ठ्यावर मोठाली अक्षरे आखीत असतो.

या आखल्या जाणाऱ्या अक्षरांविषयीच आज लिहावयाचे आहे. कारण ती अक्षरे प्रत्येक वेळी ‘श्री’ची नसतात. पुष्कळदा ती एखाद्या दातांच्या मलमाची, चहाची, दुचाकीची वा बी-बियाणाची असतात. उत्सवाला देणगी देणाऱ्या व्यापारी संस्थेचे बोधचिन्ह, ज्याला सर्रास ‘लोगो’ म्हटले जाते, ते पुठ्ठ्याचे पुरुषभर किंवा त्याहूनही उंच करून मंडपाच्या दाराशी उभे करण्याची रीत आता महानगरांतून तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचली आहे. प्रदर्शने, दुकानांची उद्घाटने, लग्नसमारंभ येथे असली चिन्हे उभी राहिली तर त्यात वावगे काही नाही. देवाचे दार हा मात्र निराळा विषय आहे.

काही वर्षांपूर्वी अकोल्यातील एका मंडळाच्या मंडपात प्रस्तुत लेखकाने जे पाहिले, ते अद्याप मनातून गेलेले नाही. मंडळाचे नाव सांगण्याचे कारण नाही, आणि देणगीदाराचेही नाही. मूर्ती साडेतीन फुटांची, मखर सहा फुटांचे, आणि दारातील बोधचिन्ह अकरा फुटांचे होते. लाल-पिवळा रंग, कडेने लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ, मध्यभागी सोनेरी वर्तुळ. दुसऱ्या दिवशी दुपारी आदिवासी पट्ट्यातील एका वाडीवरून एक म्हातारी नातवाचा हात धरून दर्शनाला आली. तिने दारातच वहाणा काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि त्या सोनेरी वर्तुळाला मनोभावे हात जोडले. मग शेजारी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला तिने विचारले, “ह्यो कोनचा देव हाय रं बाबा? कंदी पाह्यला न्हाई.”

पोरे हसली. हसण्यासारखे त्यात काय होते? भाबड्या मनाने आपल्या पाहण्यात आले त्याचा योग्य तोच अर्थ लावला होता. जे सर्वांत उंच, जे सर्वांत उजळ, जे दाराच्या मधोमध, तोच देव, हा नियम तिला आपल्या पूर्वजांनी शिकविला होता. देवळाचे शिखर गावातील सर्व घरांहून उंच का बांधले जाई, याचे उत्तर तिला पुस्तकातून मिळवावे लागले नव्हते. चूक तिची नव्हती, नियम मोडणाऱ्या आमची होती. पुढे येऊन त्या मुलांना गप्प करणारे एक वयोवृद्ध तात्या तेवढेच म्हणाले, “माय, देव आत हाय. चला, मी दावतो.” आणि त्यांनी तिला हाताला धरून आत नेले.

त्या रात्री आरतीनंतर कार्यकर्ते बसले. तात्यांनी विषय काढला. खजिनदार असलेला तरुण मात्र खाली मान घालणाऱ्यांतला नव्हता. त्याने वही उघडून दाखविली. मंडपाचे भाडे, विजेचे बिल, ध्वनिक्षेपक, शेवटच्या दिवशीचा महाप्रसाद आणि गरीब मुलांना दिलेल्या वह्या. “तात्या, हे सगळं वर्गणीतून होत नाही. दारोदार फिरलो तर लोक तोंड चुकवतात. त्या कंपनीनं एका चेकात दिलं. तिनं फक्त दारातली जागा मागितली,” असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. बाजाराचे चिन्ह देवापुढे आले की धर्म बुडाला, अशी आरोळी ठोकणे सोपे आहे. पण महाप्रसादाची पंगत त्याच पैशावर उठली होती आणि आपण सर्वांनी तीत हात धुतले होते. तेव्हा खरा प्रश्न चिन्ह असावे की नसावे हा नव्हे. ते कोठे असावे आणि केवढे असावे, हा आहे.

चिन्हाचे वावडे आपल्या धर्माला कधीच नव्हते, किंबहुना चिन्हांचे इतके सूक्ष्म शास्त्र अन्यत्र क्वचितच असेल. श्रीविष्णूच्या चोवीस मूर्ती प्रसिद्ध आहेत. केशव, नारायण, माधव अशी संध्येतील ती चोवीस नावे. या चोवीस मूर्तींचे मुख तेच आणि हातही चारच, परंतु शंख, चक्र, गदा व पद्म ही चार आयुधे कोणत्या हातात कोणते, एवढ्या फरकावरून मूर्ती ओळखावयाची. चार वस्तूंची चार हातांत मांडणी चोवीसच प्रकारे होते, हे गणित मूर्तिशास्त्रकारांनी दगडात सोडविले आहे. गरुडध्वज म्हणजे विष्णू, वृषभध्वज म्हणजे शंकर, मकरध्वज म्हणजे मदन. कुरुक्षेत्रावर अर्जुनाच्या रथावरील कपी आणि भीष्माचार्यांच्या रथावरील तालवृक्ष दुरून दिसताच कोण येत आहे ते सैन्याला कळे. जैन तीर्थंकरांच्या आसनाखालील सिंह, वृषभ, सर्प आदी लांछनांवरून ते ओळखले जातात. या मुलुखावर राज्य करणाऱ्या देवगिरीच्या यादवांचे लांछन गरुड होते. व्यापाऱ्याने आपल्या मालावर खूण उमटवावी, यात म्हणूनच नवे असे काही नाही.

पण सत्तेचे आणि श्रीमंतीचे चिन्ह देवापुढे कसे असावे, याचा धडा गिरविण्यासाठी आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. ज्यांच्या नावाने आपला जिल्हा २०२४ पासून ओळखला जातो, त्या अहिल्यादेवींचा जन्म याच जिल्ह्यातील चोंडी गावचा, सन १७२५ चा. काशी विश्वेश्वराचे आजचे मंदिर त्यांनी १७८० च्या सुमारास उभारविले. सोमनाथापासून गयेपर्यंत किती देवळे, किती घाट, किती धर्मशाळा! आजच्या भाषेत बोलावयाचे तर एवढ्या मोठ्या ‘प्रायोजका’ने आपले चिन्ह केवढे मिरवावयास हवे होते? आणि त्यांनी केले काय? राज्य शंकराचे, आपण त्याच्या वतीने कारभार पाहणारी, या भावनेने त्यांनी आज्ञापत्रांवर स्वतःचे नाव न घालता ‘श्री शंकर’ असे लिहिले. त्यांच्या महेश्वरच्या टांकसाळीतील रुपयावर मुखवटा वा मुकुट नाही. तेथे शिवलिंग व बिल्वपत्र आहे. नाणे हे तर राजसत्तेचे सर्वांत फिरते बोधचिन्ह, घराघरांत आणि मुठीमुठीत पोहोचणारे. तेथे त्यांनी देव ठेवला.

एवढी निरिच्छता व्यापाऱ्याकडून मागता येणार नाही, आणि मागूही नये. पण व्यापाऱ्यांनीदेखील एके काळी एक मर्यादा पाळली होती, ती आपल्या घरांतील भिंतींनी पाहिली आहे. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे मळवलीस गेला. तेथून लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे महाराष्ट्रभर पसरली. देवघर नसलेल्या झोपडीतही देवाची तसबीर आली. साबणवाल्यांनी, औषधवाल्यांनी व कापडवाल्यांनी पुढे देवादिकांच्या चित्रांची दिनदर्शिका छापून वाटण्याची प्रथा पाडली. ती दिनदर्शिका डोळ्यांपुढे आणा. वर लक्ष्मी कमळात उभी, दोन्ही बाजूंस हत्ती, आणि अगदी तळाशी, तारखांच्या जरा वर, दुकानदाराचे नाव. घरातील गृहिणी चित्राला कुंकू लावी. दुकानदाराच्या नावाला कोणी कुंकू लावीत नसे, पण वर्षभर रोज ते डोळ्यांखालून जाई. वर्ष संपले तरी ती तसबीर टाकवत नसे, म्हणून दुकानदाराचे नावही भिंतीवर राही. देव वर आणि मालाचे नाव पायाशी, या मांडणीत दोघांचेही साधले होते. अकरा फुटी पुठ्ठ्याने नेमकी हीच मांडणी उलटी केली आहे.

देव आणि व्यापारचिन्ह यांच्या सीमेविषयी कायद्यानेही विचार केला आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात, कोणत्याही समाजाच्या धार्मिक भावना दुखावतील असा मजकूर असलेल्या चिन्हाची नोंदणी करू नये, असे कलम आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक मनोरंजक वाद आला होता. उदबत्ती-धूप विकणाऱ्या एका व्यापाऱ्यास ‘रामायण’ हे नाव आपल्या मालाचे खास चिन्ह म्हणून हवे होते. पवित्र ग्रंथाच्या नावावर एकट्या विक्रेत्यास मालकी सांगता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. उदबत्तीच्या पुड्यावर देवाचे नाव छापण्यास बंदी आली असे नव्हे. ते नाव कोणा एकाचे होऊ शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. देवाच्या दाराचेही असेच म्हणता येईल. ते दार सर्वांचे आहे, म्हणून कोणा एकाला ते व्यापता येऊ नये.

आता या पुठ्ठ्याविषयी थोडे. त्याची निंदा करावी असे मुळीच मनात नाही, उलट त्याचे स्वागत करावे अशीच त्याची योग्यता आहे. आपल्या आजोबांच्या काळी मखरे केळीच्या खुंटांची, रंगीत कागदाची, पाणथळीत उगवणाऱ्या हलक्या भेंडाची असत. गोव्यात आजही गणपतीवर फळा-फुलांची, रानातील वेलींची माटोळी बांधतात. मधल्या काळात थर्माकोल आला. हे मुळात एका व्यापारी मालाचेच नाव, पण पदार्थालाच ते चिकटून बसले! वजनाला हलका, कापावयास सोपा, दिसावयास शुभ्र. त्यात हवाच अधिक, आणि जे उरते ते मातीत विरघळत नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या काठाकाठाने तरंगणारा तो पांढरा चुरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली. त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती तरी सूट मिळावी म्हणून सजावटवाले मुंबई उच्च न्यायालयात गेले होते, पण जुलैमध्ये न्यायालयाने ती नाकारली. तेथून पुठ्ठ्याचे दिवस खऱ्या अर्थाने सुरू झाले. मुंबईचे सजावटकार नानासाहेब शेंडकर यांनी तर या बंदीच्या कितीतरी आधी थर्माकोल सोडून घडीच्या पुठ्ठ्याची मखरे करावयास घेतली होती. त्यांच्यासारख्यांची दृष्टी किती योग्य होती, हे पुढे सर्वांना पटले.

या नालीदार पुठ्ठ्याचा जन्म मात्र देवासाठी झाला नाही आणि मालासाठीही नाही. १८५६ साली इंग्लंडमध्ये साहेबांच्या उंच टोप्यांना आतून आधार म्हणून कागदाला चुण्या पाडण्याची युक्ती निघाली. पंधरा वर्षांनी अमेरिकेत तिचा उपयोग काचेच्या बाटल्या गुंडाळण्यासाठी झाला. दोन सपाट कागदांमध्ये एक चुणीदार कागद चिकटविला की ‘थ्री प्लाय’. तीन सपाट कागदांमध्ये दोन चुणीदार कागद घातले की ‘फाइव्ह प्लाय’. बहुतेक मोठी बोधचिन्हे या पाच पदरी पुठ्ठ्याची करतात. कागद पुष्कळदा रद्दीचा व उसाच्या चिपाडाचाही असतो. चुणी ही लहानशी कमान आहे, आणि एकापुढे एक अशा असंख्य कमानी भार वाहतात, म्हणून एवढा हलका पदार्थ उभा राहू शकतो. मात्र चुणी उभी ठेवली तरच. पुठ्ठा आडवा कापला की तेच अक्षर दोन दिवसांत कमरेत वाकते. नवशिके कारागीर येथेच फसतात.

बोधचिन्ह मोठे करण्याची जुनी रीत अजूनही गावोगाव चालते. चार इंची नमुन्यावर अर्ध्या इंचाच्या चौकटी आखावयाच्या. जमिनीवर पसरलेल्या पुठ्ठ्यावर एक फुटाच्या चौकटी आखावयाच्या. मग प्रत्येक चौकटीतील रेघ जशीच्या तशी उतरावयाची. चार इंचांचे आठ फूट होतात, चोवीस पट, आणि वळणे बिघडत नाहीत. शहरात हेच काम यंत्राची पाती करते. पुढची फळी व मागची फळी कापली की त्यांच्यामध्ये वीतभर अंतराने पुठ्ठ्याच्याच आडव्या-उभ्या पट्ट्या खाचेत खाच बसवून उभ्या करावयाच्या. अंडी ठेवावयाच्या खोक्यात घरे असतात, तशीच ही घरे. दोन तुकड्यांचे सांधे एकाखाली एक येऊ द्यावयाचे नाहीत, वीटकामाप्रमाणे ते चुकवावयाचे. मैद्याची खळ स्वस्त खरी, पण तिला ओल लागली की बुरशी येते, आणि त्या वासाने उंदीर येतात. गणपतीच्या उत्सवात उंदराला कोणी हाकलू नये हे खरे, तथापि ‘श्री’चे अक्षर कुरतडलेले बरे दिसत नाही!

पुठ्ठ्याचा खरा शत्रू भाद्रपदच आहे. अकोले गाव तसे घाटमाथ्याच्या आडोशाला आहे. घाटघर-रतनवाडीसारखा धुवांधार पाऊस येथे पडत नाही, पण हवेत ओल भरून राहते. कागद ती ओल शोषतो. हवा अतिशय दमट असेल तर पुठ्ठ्याची ताकद कोरड्या दिवसांच्या निम्म्यावर येऊ शकते, तेही पावसाचा एक थेंब अंगावर न पडता. म्हणून पुठ्ठ्याचे काम जमिनीला टेकवू नये. विटांवर फळी, फळीवर काम, आणि कडा रंगाने बंद केलेल्या असाव्यात. वाऱ्याचे तर निराळेच. दहा फूट लांब व आठ फूट उंच फळी म्हणजे शिडाची होडीच. ताशी चाळीस किलोमीटर वेगाची वावटळ आली तर तिच्यावर ५० किलोंहून अधिक रेटा येतो, आणि वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. रस्त्याच्या तोंडाशी, जेथे लेकुरवाळ्या बाया रांगेत उभ्या असतात, तेथे सुतळीने बांधलेले अकरा फुटी चिन्ह उभे करणे हे भक्तीचे तर नव्हेच, पण शहाणपणाचेही काम नव्हे. त्यावर गरम होणारे दिवे लावू नयेत, हे वेगळे सांगावयास नको. एलईडीच्या माळा थंड असतात, परंतु त्यांच्या जोडांवर उघडी तार राहू देऊ नये. कापूर व निरांजन यांच्यापासून पुठ्ठा हातभर नव्हे, चांगला चार हात दूर असावा.

आमच्या त्या मंडळात चौथ्या दिवशी पाऊस आला. रात्रभर बारीक लागून राहिला. सकाळी पाहावे तो बोधचिन्हाच्या सोनेरी वर्तुळाला पोक आलेले. दुपारपर्यंत ते आणखी वाकले, आणि संध्याकाळच्या आरतीच्या वेळी, जणू आत यावयाचे असल्याप्रमाणे, मंडपाच्या दारावर येऊन टेकले. कोणास इजा झाली नाही ही गजाननाचीच कृपा. पोरांनी ते उचलून मागे नेले.

मागे नेल्यावर निराळाच पेच उभा राहिला. पुठ्ठा रद्दीवाल्याला किलोने विकावा असा बेत होता, पण रद्दीवाल्याने मान हलविली. वरच्या बाजूस चकचकीत प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटविलेला होता. तो असला की कागदाचा लगदा नीट होत नाही. थर्माकोल गेला म्हणून आपण निश्चिंत झालो होतो, आणि प्लॅस्टिक मागच्या दाराने पुन्हा आलेच होते. देणगीदाराकडून चिन्ह तयार होऊन येणार असेल तर ते कागदावर छापलेले असावे, पुठ्ठ्यावर रंगविलेले असावे, त्यावर पापुद्रा नसावा, आणि ‘पुठ्ठा’ म्हणून प्लॅस्टिकची फेसाळ पाटी कोणी गळ्यात मारू नये, एवढे आधीच बोलून घ्यावे. आणि काहीही झाले तरी पुठ्ठा प्रवरेत सोडू नये. कागद आहे, विरघळेल, असे म्हणून तो सोडणारे पुष्कळ आहेत. परंतु त्यावरील रंग, डिंक, चिकटपट्ट्या व टाचण्या कोठे जातात? अगस्ती ऋषींनी समुद्र प्राशन केला अशी कथा आहे, पण आपल्या कचऱ्याने भरलेली नदी प्राशन करावयास आता कोणी ऋषी येणार नाही.

येथेच एक अधिक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. व्यापाऱ्याचे चिन्ह फाटले, भिजले, रद्दीत गेले तर कोणाच्या मनाला लागत नाही. पण हल्ली त्या चिन्हाशेजारी पुठ्ठ्याचा गणपतीही उभा करतात. चिन्हाला नमस्कार करणारा गणपती, चिन्हावर बसलेला गणपती, चिन्हातील वस्तू सोंडेत धरलेला गणपती. उत्सव संपला की तोही त्याच ढिगात पडतो. पायाखाली येतो. ज्याची प्राणप्रतिष्ठा केली त्या मूर्तीचे आपण विधिपूर्वक विसर्जन करतो, आणि दारातील त्याच्याच प्रतिमेला मात्र कोणी अक्षतदेखील वाहत नाही. दाराच्या कमानीवर स्वस्तिक असावे, कमळ असावे, मोदक असावा, मूषक असावा, फार तर एक ओंकार असावा. देवाचे मुख मात्र मखरातच असू द्यावे. जाहिरातीच्या पुठ्ठ्यावर ते छापू देऊ नये, आणि देणगीदाराने आग्रह केला तर नम्रपणे पण स्पष्टपणे नकार द्यावा. या एका बाबतीत तडजोड करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

दान देणाऱ्याचे नाव कोठे असावे, याचा आदर्श तर सबंध वारकरी महाराष्ट्राला पाठ आहे. पंढरीच्या महाद्वारी नामदेव महाराजांनी पायरी होणे पत्करले. संतांचे चरण आपल्याला लागावेत, एवढीच त्यांची मागणी. त्या भावनेने कित्येक जुन्या देवळांत देणगीदारांची नावे फरशीवर वा पायरीवर कोरलेली आढळतात. भक्तांच्या पायधुळीत आपले नाव असावे, ही त्यामागील कल्पना. आज एखाद्या व्यापाऱ्यास पायरी व्हा म्हणणे अतिरेकाचे होईल, पण पायरीच्या जवळची जागा त्याला देता येते.

त्या घटनेनंतरच्या वर्षी आमच्या मंडळाने तसेच काही केले. तात्यांनी एक सुतळी घेतली, मूर्तीच्या मुकुटापासून जमिनीपर्यंत मोजली, आणि तिला गाठ मारली. मंडपात वा दारात कोणाचेही नाव, कोणाचेही चिन्ह या गाठीच्या वर जाणार नाही, हे ठरले. कमानीवर मुलांनी स्वतः पुठ्ठ्याचा सात फुटी मोदक केला. चौकटी आखून, चुण्या उभ्या ठेवून, कडा रंगाने बंद करून. मखरापुढे सजावट म्हणून तालुक्यातील गावठी वाणांची कणसे व ओंब्या मांडल्या. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या देशी बियाण्यांमुळे त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून येथील मुलांना या वाणांचा अभिमान वाटू लागला आहे. आणि देणगीदाराच्या चिन्हासाठी जागा काढली ती मंडपाच्या उजव्या हाताला, जेथे दर्शनाहून परतणारे लोक पाणी पितात तेथे, पाणपोईच्या मडक्यांमागे. दोन फूट उंच, कागदी, हाताने रंगविलेले.

खजिनदाराच्या मनात धाकधूक होती. देणगीदाराचा माणूस पाहणीला येणार होता. तो तिसऱ्या दिवशी आला. प्रथम दाराकडे पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. खजिनदार त्याला दर्शन घडवून पाणपोईपाशी घेऊन आला आणि काही न बोलता उभा राहिला. दर्शनाची रांग तेथूनच बाहेर पडत होती. प्रत्येक जण थांबत होता, ओंजळ धरत होता, पाणी पीत होता, आणि समोरचे नाव वाचत होता. दारातल्या अकरा फुटी चिन्हापुढे घटकाभर कोणी थांबत नसे. येथे प्रत्येक जण थांबत होता. त्या गृहस्थांनी खिशातून फोन काढून दोन-तीन छायाचित्रे घेतली. एका म्हाताऱ्या बाईने त्यांना बाजूला होण्यास सांगितले, कारण ते मडक्याच्या आड आले होते. ते बाजूला झाले, मग रांगेच्या शेवटी जाऊन स्वतः ओंजळ धरून उभे राहिले. तात्यांनी त्यांच्या ओंजळीत पाणी घातले. दुसऱ्या वर्षाची देणगी श्रावणातच आली.